आईचा नवस आणि मुलाचे पाचारण : एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

वसईच्या पश्चिम पट्ट्यातले एक धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली कॅथलिक वस्ती. घराभोवती वाडी, वाडीत केळी आणि मोगरा. घरात आई, वडील आणि चोवीस वर्षांचा मुलगा. मोठ्या मुलीचे लग्न झालेले. मुलाला इथे जोएल म्हणू. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

जोएलने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि वसई पूर्वेला पंपदुरुस्तीच्या एका कारखान्यात तो नोकरीला होता. लहानपणी वेदीसेवक, पुढे युवक मंडळाचा सचिव, पवित्र आठवड्यात गायकवृंदात. दोन पाचारण शिबिरांना (पाचारण म्हणजे विशिष्ट जीवनासाठी, विशेषतः धर्मगुरुपदासाठी, देवाची हाक) जाऊन आलेला. बाहेरून पाहणाऱ्याला शंकेला जागाच नव्हती. धर्मग्रामाच्या फादरांनाही ती नव्हती.

आदल्या वर्षी पुनरुत्थान काळाच्या चौथ्या रविवारी, म्हणजे उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, शेवटी फादरांनी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, जाऊ इच्छिणाऱ्या दोन मुलांची नावे वाचून दाखवली होती. त्यांतले एक जोएलचे. १९६४ पासून हा रविवार जगभर पाचारणासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी नावे जाहीर करणे अनेक ठिकाणी सहज घडते. हेतू चांगला असतो. परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवसापासून पाववाल्यापासून शेजारच्या आजीपर्यंत सगळे जोएलला ‘फादर’ म्हणू लागले. आई त्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर बराच वेळ लोकांचे हात हातात घेत उभी होती.

जोएलच्या आयुष्यात तेव्हा एक मुलगीही होती. युवक मंडळातली, दोन वर्षांची ओळख, दोन्ही घरी न सांगितलेली. डिसेंबरमध्ये त्याने तिला सांगितले की आता बोलणे थांबवू. कारण सांगितले नाही. जानेवारीत तो शिफारसपत्र मागायला फादरांकडे गेला. अर्ज मार्चअखेर द्यायचा होता, प्रवेश जूनमध्ये.

अडचण कुठे दिसली

अडचण पहिल्यांदा दिसली ती कागदावर. अर्जासोबत एक पानभर निवेदन लागते : मला धर्मगुरू का व्हायचे आहे. धर्मप्रांताच्या (बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या) पाचारण संचालकांसमोर, म्हणजे उमेदवारांची निवड पाहणाऱ्या धर्मगुरूंसमोर, जोएलने ते चौथ्यांदा लिहून आणले होते. आधीचे तीन मसुदेही त्याच फाइलमध्ये राहिले होते. संचालकांनी चारही पाने शेजारी शेजारी ठेवली. चारही पानांचे पहिले वाक्य ‘माझ्या आईने’ या शब्दांनी सुरू होत होते.

“हे वाक्य खोड आणि पुढचं लिही,” एवढेच ते म्हणाले. जोएल वीस मिनिटे पेन धरून बसला. एक ओळही उतरली नाही.

मग हळूहळू कळले ते असे. जोएलच्या आधी आईची दोन बाळे गेली होती. हा सातव्या महिन्यात जन्मला, वजन दीड किलोच्या आत, रुग्णालयातल्या काचेच्या पेटीत ठेवलेला. तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी फारशी आशा नाही असे सांगितल्यावर आईने नवस केला : हा जगला तर तुझा. बाळ जगले. तिने वांद्र्याच्या मोत माऊलीला (माउंट मेरी चर्चमधल्या मरियेला) मेणाचे बाळ वाहिले आणि मुलाचे पहिले झबले घरच्या वेदीखालच्या पेटीत, जपमाळांच्या शेजारी ठेवून दिले. जोएल सात-आठ वर्षांचा असल्यापासून ते झबले त्याला दर वाढदिवसाला दाखवले जाई. तळहाताएवढे, एका बाजूची नाडी तुटलेली.

आई दुष्ट नव्हती, हट्टीही नव्हती. तिला खरोखर भीती होती की नवस मोडला तर देव दिलेले परत नेईल. ही भीती तिने कधी बोलून दाखवली नव्हती. जोएलला मात्र ती ऐकू येत होती. सेमिनरीला नाही म्हणणे म्हणजे आईच्या मते स्वतःचा जीव धोक्यात घालणे, आणि आईला त्या भीतीत ढकलणे. अशा माणसाने दिलेला होकार कितपत मोकळा असतो, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. त्याला पाचारण आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

चर्चचा कायदा इथे स्पष्ट आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याचे कलम २१९ सांगते की जीवनावस्था (विवाह, धर्मगुरुपद वगैरे) निवडताना कोणाही ख्रिस्ती व्यक्तीवर कसलीही सक्ती असता कामा नये. कलम १०२६ गुरुदीक्षेसाठी, म्हणजे धर्मगुरुपदाच्या दीक्षेसाठी, कोणालाही भाग पाडायला मनाई करते. विवाहालाही हेच लागू : कलम ११०३ प्रमाणे सक्तीने किंवा बाहेरून लादलेल्या गंभीर भीतीपोटी केलेला विवाह अवैध ठरतो. सक्ती म्हणजे दरवाजा लावून मारहाण, एवढाच अर्थ घेतला तर अशी प्रकरणे हातातून निसटतात. झबल्याची सक्ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

नवसाविषयी कलम ११९३ एका ओळीचे आहे : नवस स्वभावतःच तो करणाऱ्यालाच बांधतो. आईने मुलाच्या वतीने दिलेले वचन मुलावर क्षणभरही लागू झालेले नव्हते. चर्चला हे नेहमीच इतके स्पष्ट होते असे नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत आईबापांनी लहान मुलगा मठाला अर्पण करण्याचा विधी आहे, आणि ६३३ सालच्या तोलेदोच्या धर्मसभेने म्हटले होते की बापाची भक्ती किंवा स्वतःची शपथ, यांपैकी कशानेही माणूस मठवासी होतो. ते बदलायला शतके लागली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने शपथेसाठी किमान सोळा वर्षांचे वय आणि वर्षभराचा नवशिष्यकाळ (शपथेआधीचा प्रशिक्षणाचा काळ) सक्तीचा केला आणि मुलींना बळजबरीने मठात घालणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा ठेवली. जोएलच्या आईच्या मनात जे होते ते अडाणीपणाचे नव्हते. चर्चने स्वतः कधीकाळी चाललेली आणि मग सोडलेली ती वाट होती.

समोर असलेले मार्ग

फेब्रुवारीअखेर पाचारण संचालक, धर्मग्रामाचे फादर आणि जोएल यांच्यापुढे तीन मार्ग होते.

पहिला : जूनमध्ये पाठवायचे. बाजू मांडणारे धर्मग्रामाचे फादर. सेमिनरी ही पारख करण्याचीच जागा आहे, तयारीचे वर्ष, तत्त्वज्ञान, ईशज्ञान आणि मधला प्रत्यक्ष सेवेचा काळ धरून आठ-नऊ वर्षे जातात, पंचविशीच्या आत कोणी धर्मगुरू होऊच शकत नाही (कलम १०३१), नाही जमले तर परत येईल. हा युक्तिवाद सर्वसाधारणपणे बरोबर आहे, आणि बहुतेक उमेदवारांना तो लागूही पडतो. पण तो एका गोष्टीवर उभा आहे : परत येण्याची वाट खरोखर उघडी असली पाहिजे. ज्याच्या जाण्याची घोषणा वेदीवरून झाली आहे आणि ज्याच्या परतण्याने आईला वाटेल की आता मुलगा मरणार, त्याच्यासाठी ती वाट कागदावरच उघडी असते. असा मुलगा चार वर्षे रेटतो, पाचव्या वर्षी मोडतो. किंवा मोडत नाही आणि दीक्षा घेतो, हे त्याहून वाईट.

दुसरा मार्ग : नवस बांधत नाही हे सांगून विषय बंद करायचा, मुलाने लग्नाचे पाहावे. हाही घाईचाच. आईच्या दडपणाखाली दिलेला होकार जसा मोकळा नव्हता तसा दडपण उठल्याच्या आनंदात दिलेला नकारही मोकळा नसता. नवस गैरलागू ठरला म्हणून पाचारण नाही असे सिद्ध होत नाही. आईच्या नवसातून आलेल्या मुलालाही देव हाक मारू शकतो. बायबलमधल्या हन्नाने आपल्या मुलाला, शमुवेलाला, जन्माआधीच देवाला देऊन टाकले होते (१ शमुवेल, अध्याय १), तरीही तिसऱ्या अध्यायात देवाने त्याला स्वतः नाव घेऊन बोलावले. आईचे वचन त्याला मंदिरापर्यंत घेऊन आले. हाक वेगळी आली, रात्री आली, आणि ती ओळखायला त्याला मंदिरातल्या वृद्ध पुरोहिताची, एलीची, मदत लागली.

तिसरा मार्ग : एक वर्ष थांबायचे, पण रिकामे नाही. नवसाची गाठ एका माणसाने सोडवायची, जोएलची पारख दुसऱ्याने करायची आणि दोघांनी एकमेकांकडे चौकशी करायची नाही. संचालकांनी हाच मार्ग धरला. जूनसाठी शिफारस करणार नाही हे त्यांनी जोएलला स्वतः सांगितले आणि घरी काय सांगायचे तेही ठरवून दिले : “निर्णय माझा आहे, तुझा नाही. आईला माझं नाव सांग.” हे वाक्य छोटे, पण त्याने मुलाच्या खांद्यावरचा दोष काढून घेतला.

काय केले : आईची बाजू

आईशी कोणी बोलायचे? जोएल बोलला असता तर नवस मोडणारा तोच ठरला असता. संचालक बोलले असते तर मुलाने त्यांच्याकडे तक्रार केली असे वाटले असते. म्हणून धर्मग्रामाच्या फादरांनी बोलायचे ठरले. त्यांना तसा अधिकारही होता : कलम ११९६ प्रमाणे धर्मग्रामप्रमुख आपल्या लोकांना खाजगी नवसातून योग्य कारणासाठी मोकळे करू शकतो.

पहिली भेट फसली. फादरांनी स्वयंपाकघरात बसून कायदा समजावला. मावशी, तुमचा नवस मुलाला लागू नाही, असे सांगून पंधरा मिनिटांत उठले. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. आई त्यानंतर तीन रविवार ख्रिस्तशरीर (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घ्यायला रांगेत उभी राहिली नाही. तिने त्याचा अर्थ असा लावला होता की मुलाला अर्पण करून आपण पाप केले.

दुसऱ्या भेटीत फादरांनी काही सांगितले नाही. त्या तिसऱ्या रात्री काय झाले ते विचारले. चोवीस वर्षांत हे तिला कोणी विचारले नव्हते. तिने पेटीतून झबले काढून मांडीवर ठेवले आणि बोलत राहिली. शेवटी तिनेच विचारले : “मग देवानं माझं ऐकलं ते कशासाठी?” फादरांनी उत्तर दिले की त्याने बाळासाठी ऐकले. मोबदल्यासाठी ऐकणारा तो नाही. मग शमुवेलाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचून दाखवला, विशेषतः शमुवेल तीनदा चुकीच्या माणसाकडे धावत जातो तो भाग.

नवसाचे दोन भाग वेगळे केले. मुलाने काय व्हावे हा भाग तिच्या हातात कधीच नव्हता, त्यामुळे त्यातून मोकळे करण्यासारखे काही नव्हते. ‘तुझा’ या शब्दात तिच्या वाट्याचे जे होते, म्हणजे मुलाला देवाच्या ओळखीत वाढवणे, ते तिने केलेच होते. तरीही तिच्या मनाला द्यायचे उरले होते, आणि हे उरणे फादरांनी उडवून लावले नाही. कलम ११९७ नवस करणाऱ्याला स्वतःच्या वचनाच्या जागी तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीची निवड करू देते. इस्टरनंतरच्या आठवड्यात फादरांनी तिला स्पष्ट शब्दांत नवसातून मोकळे केले, एक छोटी प्रार्थना म्हटली, आणि तिने आपणहून ठरवले : वर्षभर दर गुरुवारी धर्मग्रामातल्या दोन अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे जायचे, त्यांना आंघोळ घालायची, जेवण भरवायचे. झबले तिने वेदीखालच्या पेटीतून कपाटात हलवले.

केवळ ‘तू मोकळी आहेस’ म्हटले असते तर भीती परत आली असती. भीतीला हाताला काम लागते.

काय केले : मुलाची पारख

जोएलला मार्गदर्शक दिला तो दुसऱ्या धर्मग्रामातला, शिफारसपत्राशी काहीही संबंध नसलेला एक ज्येष्ठ व्रतस्थ धर्मगुरू. याला कारण आहे. मनातले उघड करायचे ते ज्याच्याकडे, त्याच्याच हातात प्रवेशाचा निर्णय असेल तर मुलगा पसंत पडेल तेच बोलतो. म्हणूनच कलम २४० मध्ये सेमिनरीतल्या विद्यार्थ्याला दीक्षेसाठी घ्यायचे की नाही हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत विचारायला सक्त मनाई आहे. सेमिनरीआधीच्या टप्प्यावरही हीच भिंत पाळावी.

नेम साधा होता. सकाळी अर्धा तास शुभवर्तमानावर चिंतन. रात्री पंधरा मिनिटे दिवसाची उजळणी. पंधरवड्यातून एकदा तासभर भेट. एक वही, तिच्यात तीनच रकाने : काय घडले, मन कुठे ओढले, रात्री काय उरले.

तिसरा रकाना महत्त्वाचा. संत इग्नाशियस लोयोला १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणावर पडला होता, तेव्हा त्याला हेच उमगले. सरदारकीची आणि एका थोर स्त्रीची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याची कल्पना करताना आनंद होई आणि तो नंतरही टिके. दोन्ही वेळी सुरुवात गोडच. फरक शेवटी कळतो. ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या पुस्तिकेतली पारख याच निरीक्षणावर उभी आहे.

पहिला महिनाभर वही वाया गेली. जोएल निबंध लिहीत होता : सेवा, त्याग, समर्पण. मार्गदर्शकाने तिसऱ्या भेटीत नियम घातला की प्रत्येक रकान्यात एकच वाक्य, आणि त्या वाक्यात एक तरी अशी गोष्ट जी हाताला लागते. त्यानंतरच्या नोंदी बदलल्या. ‘युवक मंडळाची सभा. बोललो चांगले. रात्री रिकामे.’ ‘शेजाऱ्याची मोटर दुरुस्त केली, त्याच्या मुलाला वायंडिंग दाखवले. रात्री झोप शांत.’ आणखी एक गोष्ट मार्गदर्शकाच्या ध्यानात आली : जोएल प्रार्थनेत फक्त धर्मगुरुपदाचाच विचार करत होता, विवाहाचा एकदाही नाही. एका पारड्यातच वजन टाकत राहिले तर तराजू काय सांगणार? जुलैपासून त्याने आठवडाभर एका अवस्थेवर आणि पुढचा आठवडा दुसरीवर चिंतन करायचे, असे ठरले.

मे महिन्यात चार आठवड्यांची बिनपगारी रजा काढून तो डहाणू-तलासरीकडच्या एका मिशनमध्ये राहून आला. तिथे त्याने बंद पडलेले दोन पंप चालू केले आणि वसतिगृहातल्या मोठ्या मुलांना ते उघडून दाखवले. संध्याकाळी फादरांबरोबर पाड्यांवर प्रार्थनेला जायचा. वहीत पंपांच्या दिवसांपुढे जवळजवळ प्रत्येक वेळी समाधान, पाड्यांवरच्या संध्याकाळींपुढे कधी समाधान, कधी काहीच नाही. मार्गदर्शकाने यावरून निष्कर्ष काढू दिला नाही. यंत्र आवडते म्हणून पाचारण नाही, असे होत नाही. मिशनमध्ये यंत्र दुरुस्त करणारे धर्मगुरू आणि ब्रदर (गुरुदीक्षा न घेतलेले व्रतस्थ) पुष्कळ आहेत.

ऑक्टोबरमध्ये आठ दिवसांची मौनसाधना झाली. चौथ्या रात्री जोएल मार्गदर्शकाच्या दारावर आला. डोळे सुजलेले. “ठरलं, जातो सेमिनरीत, संपवून टाकू.” मार्गदर्शकाने ऐकून घेतले आणि निर्णय स्वीकारला नाही. इग्नाशियसचा नियम निसंदिग्ध आहे : उदासीच्या काळात आधीचा निश्चय बदलायचा नाही, आणि या वेळी आधीचा निश्चय होता थांबण्याचा. ‘संपवून टाकू’ हा शब्दच सांगत होता की हे कुठून आले. सकाळपर्यंत ती निकड ओसरली होती.

सहाव्या दिवशी चार याद्या लिहिल्या : धर्मगुरू होण्याचे लाभ, तोटे; न होण्याचे लाभ, तोटे. लाभ म्हणजे देवाच्या सेवेसाठी आणि स्वतःच्या तारणासाठी लाभ, इतर काही नाही. पहिल्या यादीत अकरा गोष्टी आल्या. मार्गदर्शकाने विचारले की यातली कोणती वाक्ये दुसऱ्या कोणाच्या आनंदाविषयी आहेत. सात होती : आई, आजी, फादर, गाव. ती बाजूला ठेवल्यावर चार उरल्या, आणि त्या चारही खऱ्या होत्या. मग इग्नाशियसने सुचवलेली कल्पना केली : कधी न भेटलेला एखादा माणूस हेच कोडे घेऊन आला तर त्याला काय सल्ला देशील? आईला न ओळखणारा, गावाला न ओळखणारा माणूस. जोएलने लिहिले : ‘लग्न कर. घर उभं कर. मुलांना काम शिकव. तिथेच देवाला दे.’

वर्षभरात दोनदा त्याने मार्गदर्शकाला विचारले होते की तुम्हाला काय वाटते. दोन्ही वेळा उत्तर मिळाले नाही. साधना देणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे, निर्माणकर्त्याला आपल्या माणसाशी थेट वागू द्यावे, हा नियम पाळायला सोपा नसतो. मार्गदर्शकाचेही मत होतेच.

सातव्या दिवशी जोएलने विवाहित जीवन निवडल्याचे लिहून वेदीवर ठेवले. आणि मग दोन महिने काहीच करायचे नाही, कोणाला सांगायचे नाही, निर्णय टिकतो का पाहायचे, असे ठरले.

निष्पत्ती

निर्णयाची कसोटी अपेक्षेपेक्षा कडक लागली. मार्चमध्ये सेमिनरी पुढे ढकलली गेल्यावर जोएल मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून त्या मुलीला एकदा भेटून आला होता. डिसेंबरमध्ये न सांगितलेले कारण त्याने तेव्हा सांगितले, आणि हेही की वर्षभर माझे काही ठरलेले नाही, तू बांधलेली नाहीस. डिसेंबरअखेर, दोन महिने झाल्यावर, तो पुन्हा तिच्याकडे गेला. ती नर्स. तिची परदेशी नोकरीची कागदपत्रे झाली होती. “तू म्हणालास, तू बांधलेली नाहीस. मी तसंच केलं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण उत्तर पक्के होते.

घरी हे कळल्यावर आईच्या तोंडून निघून गेले : “बघ, देवानंच वाट मोकळी केली.” ही या प्रकरणातली सर्वांत नाजूक घडी होती. वर्षभराचे काम एका वाक्यात उलटले असते. जोएलही डगमगला. मार्गदर्शकाने त्याला वही उघडून सातव्या दिवसाचे पान वाचायला लावले. त्या पानावर तिचे नाव नव्हते. निवडलेली होती अवस्था. तिच्या नकाराचे दुःख खरे होते, पण निर्णयाचे कारण त्या नकाराबरोबर गेले नव्हते. आईने ते वाक्य पुन्हा उच्चारले नाही. तिचे गुरुवार चालू होते, आणि फादरांना तिने एवढेच सांगितले की म्हाताऱ्या बाईला भरवताना भीती वाटत नाही.

फेब्रुवारीत जोएलने पाचारण संचालकांना लेखी कळवले. आज त्या निर्णयाला सव्वा वर्ष झाले आहे. लग्न झालेले नाही, एक-दोन स्थळे आली आणि गेली. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी तो पहाटेच्या गाडीने डहाणूला जातो आणि वसतिगृहातल्या आठ मुलांना मोटर वायंडिंग शिकवतो. एक शेजारीण अजूनही त्याला फादर म्हणते.

काय वेगळे करता आले असते

नावे वेदीवरून वाचायला नको होती. हे त्या धर्मग्रामात आता बंद झाले आहे. उत्तम मेंढपाळाच्या रविवारी प्रार्थना सर्वांसाठी होते, नाव कोणाचेच घेतले जात नाही. पाचारण हे रोप आहे, वर्षाच्या आत त्याला मिरवणुकीत नेऊ नये.

त्या मुलीच्या बाबतीत जे झाले ते अपुरे होते, आणि हे सरळ मान्य केले पाहिजे. डिसेंबर ते मार्च चार महिने ती कारणाशिवाय अंधारात होती. जोएलला मार्गदर्शक, संचालक, फादर असे तिघे मिळाले. तिला कोणीच नाही. दोन माणसांच्या नात्यात एकाच्याच पाचारणाची पारख चालू असते तेव्हा दुसऱ्याचेही पाचारण तिथेच घडत असते. तिच्या धर्मग्रामातल्या एखाद्या सिस्टरना, तिची परवानगी घेऊन, पहिल्या महिन्यातच सांगता आले असते.

वडिलांना कोणी विचारले नाही. सगळ्यांनी गृहीत धरले की ते आईच्याच मताचे आहेत. मोकळे करण्याच्या प्रार्थनेच्या दिवशी ते वाडीत पाणी लावत होते. नंतर एकदा फादरांनी सहज विषय काढला तेव्हा कळले की त्यांना नवस माहीत होता, तो पटला नव्हता, आणि पोरगा जगला त्या रात्री बायकोच्या रडण्यापुढे बोलण्याची हिंमत झाली नव्हती. ते वर्षापूर्वी बोलले असते तर जोएलला घरातच एक आधार मिळाला असता.

मार्गही दोनच धरले गेले : धर्मगुरू किंवा विवाह. व्रतस्थ ब्रदर होणे, किंवा अविवाहित राहून जगात काम करणे, यांवर सबंध वर्षात एकच भेट खर्च झाली. मिशनमधले त्याचे पंपांचे दिवस पाहता ब्रदरच्या जीवनाचा विचार अधिक खोल व्हायला हवा होता. निर्णय कदाचित हाच राहिला असता. पण आठवड्यांची पाळी लावली तेव्हा तिसरे पारडे तराजूला लावलेच गेले नाही.

पहिल्या भेटीतली घाईही टाळता आली असती. कायदा आधी आणि कहाणी नंतर, हा क्रम उलटा हवा.

पाचारण संचालकांनी पहिल्या मुलाखतीच्या प्रश्नांत आता एक प्रश्न घातला आहे : तुझ्या जन्माच्या वेळी किंवा आजारपणात घरात कोणी तुझ्यासाठी नवस केला होता का? हा प्रश्न विचारताना आईवडील बाहेर बसलेले असतात, आणि उत्तर लिहून घेतले जात नाही.